पाठीचं माप

आमच्या जाऊबाईंना माणसांचे चेहरे लक्षात राहत नाहीत. हे मी कुचकटपणे सांगत नाहीये, खरंच राहत नाहीत. माझ्या दुकानात एखादं चांगलं ओळखीचं माणूस समोर उभं राहून विचारतं, "काय वहिनी, बऱ्या आहात ना?" आणि ह्या नुसत्या हसतात. त्या हसण्याचा अर्थ 'बाबा रे, तू कोण' असा असतो हे फक्त मला कळतं. मग ते माणूस सामान घेऊन वळतं, पायऱ्या उतरायला लागतं, की ह्यांचा चेहरा उजळतो. "अगं बाई, हा तर गिरणीवाल्याचा थोरला! किती वाळलाय गं!" तोवर तो बिचारा पार कोपऱ्यापर्यंत पोचलेला असतो. मी म्हणते, "जाऊबाई, पुढच्या वेळी त्याला उलटा उभा करून बोलायला लावते."

त्यांना पाठी ओळखू येतात. जन्मभर तेच बघत आल्यात.

आमचं गाव वर आहे आणि मोटारीचा रस्ता खाली संपतो. मधे कड्यात खोदलेली वाट. एका अंगाला खडक, दुसऱ्या अंगाला काहीच नाही. वरून कडा पुढे आलेला, त्यामुळे लादलेलं खेचर तिथून जात नाही. मीठ, रॉकेल, पत्रे, खिडक्यांच्या काचा, नव्या नवरीचं कपाट, सगळं माणसाच्या पाठीवरून वर येतं. त्यासाठी बांबूची पाठटोपली. दोन पट्टे खांद्यांवर, आणि टोपलीची सपाट बाजू पाठीला लागून. बाहेरचा माणूस म्हणेल, टोपली ती टोपली, त्यात काय एवढं! त्याला म्हणावं, दुसऱ्याची टोपली पाठीवर घे आणि त्या वाटेनं चालून दाखव. जरा जरी एका बाजूला ओढली तरी वळणावर तोल बाहेर जातो. म्हणून आमच्याकडे कुणी कुणाची टोपली मागत नाही. सख्खा भाऊ भावाची घेत नाही. ज्याची त्याची टोपली ज्याच्या त्याच्या पाठीसाठी विणलेली.

आणि ती विणावी तर आमच्या जाऊबाईंनीच. ह्या बाबतीत त्यांचा हात धरणारं कुणी नाही, हे मी त्यांची धाकटी जाऊ असून सांगते, म्हणजे बघा. जावा-जावांचं काय असतं ते काही मी नव्यानं सांगायला नको. स्वयंपाकात त्यांना मिठाचा अंदाज नाही, पाहुणा आला की ह्या अंगणातून हलायच्या नाहीत, सगळी धावपळ माझी. लग्न होऊन आले तेव्हा पहिली दोन वर्षं माझा नुसता जळफळाट व्हायचा. पण त्या विणायला बसल्या की मी हातातलं काम टाकून दारात उभी राहायची. अजूनही राहते.

माप घ्यायची त्यांची रीत अशी. गिऱ्हाइकाला अंगणातून चालायला लावायचं, आधी मोकळं, मग पाठीवर धान्याचं पोतं देऊन. ह्या जोत्यावर बसून बघणार. नाव विचारायच्या नाहीत, गाव विचारायच्या नाहीत. "उजव्या पायाला काय झालं होतं?" असं एकदम विचारतील, आणि समोरचा तोंडात बोट घालतो, कारण लहानपणी पाय मोडलेला तो स्वतःही विसरून गेलेला असतो. मग उठायचं, दोन्ही पंजे त्याच्या पाठीवर टेकायचे, आणि डोळे मिटून थोडा वेळ तसंच उभं राहायचं. झालं माप. टेप नाही, दोरी नाही. टोपली तयार झाली की माणूस ती पाठीवर घेतो आणि त्याचा चेहरा असा होतो की मला दरवेळी हसू येतं. जणू कुणी मागून येऊन त्याचं अर्धं ओझं धरलंय.

विणताना त्या गुणगुणतात. माहेरचं गाणं आहे, तिथल्या सगळ्या बायका विणतानाच म्हणायच्या. 'दोन खाली, एक वर, माझं डोंगरापल्याड घर.' असंच पुढे चालू राहतं, वीण बदलली की चाल बदलते. त्यांच्या आईनं त्यांना वीण अशी गाण्यातूनच शिकवली. त्यामुळे बांबूची एक कामटी चुकली की गाणं आपोआप अडतं. आत चुलीपाशी बसून मला कळतं, की जाऊबाईंचं काहीतरी चुकलं, आता त्या चार ओळी उसवणार. आणि उसवतातच. दुसरी कुणी असती तर म्हणाली असती, कोण बघतंय!

आता भाऊजींबद्दल सांगायला हवं. माझे थोरले दीर, जाऊबाईंचा नवरा. ह्या वाटेवर त्यांच्यासारखा ओझं वाहणारा झाला नाही, असं सगळे म्हणतात, आणि सगळ्यांच्या आधी ते स्वतः म्हणतात. गिरणीचं जातं त्यांनी एकट्यानं वर आणलं. शाळेची घंटा त्यांनीच आणली. बोलणं कमी, पण चालताना छाती पुढे. आमचे हे, म्हणजे माझा नवरा, थोरल्या भावाच्या सावलीत वाढलेले. दुकानाचा माल हेच आणतात, अंगात ताकद भरपूर, पण कुणी कौतुक केलं की म्हणणार, "दादाला बघायला हवं होतंत." मला इतका राग यायचा!

तर झालं असं, की सासूबाई पडल्या. पहाटेचं दव, निसरडी पायरी, आणि ऐकायचं कुणाचं नाही हा स्वभाव. मांडीचं हाड मोडलं. हलवलं की किंचाळायच्या. गावातल्या नर्सबाईंनी बघून सांगितलं, "इथे काही होणार नाही, खाली मोठ्या दवाखान्यात न्या, उद्याच्या उद्या." आता त्या वाटेनं स्ट्रेचर जात नाही, वळणावर अडकतं. माणसाला न्यायचं तर पाठखुर्चीत बसवून. म्हणजे टोपलीच, पण तिला बसायला पाट आणि पाय टेकायला दांडी. आईला नेणार कोण, हा प्रश्नसुद्धा कुणी विचारला नाही. भाऊजी उठले, म्हणाले, "विण गं." जाऊबाई अंगणात गेल्या आणि कोयता घेऊन बांबू फोडायला बसल्या.

दिवसभर त्या जागच्या हलल्या नाहीत. मी दोनदा चहा नेऊन ठेवला, दोन्ही वेळा गार झाला. भाऊजी म्हणाले, "माप घेतेस ना?" तर मान वर न करता म्हणाल्या, "तुमचं माप घ्यायला लागतंय होय मला?" सगळे हसले. आणि गाणं चालूच होतं. दिवस मावळेपर्यंत एका लयीत, कुठेही न अडखळता. मी आत सासूबाईंचं डोकं मांडीवर घेऊन बसले होते, ते गाणं ऐकून माझा जीव थोडा शांत व्हायचा.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात सगळं गाव. सासूबाईंना खुर्चीत बसवायच्या आधी भाऊजींनी ती रिकामीच पाठीवर घेतली. आणि डावा पट्टा लोंबला. खुर्ची एका बाजूला कलली. त्यांनी खांदा उचलला, पट्टा ओढला, पुन्हा कलली. जाऊबाईंच्या हातची वस्तू, तीसुद्धा नवऱ्याची, आणि बसत नाही?

जाऊबाई पुढे झाल्या. "माझ्या हातून चुकलं," त्या म्हणाल्या. मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "घाई झाली. डावी बाजू मोठी पडली."

इतक्या वर्षांत हे वाक्य मी त्यांच्या तोंडून ऐकलं नव्हतं.

"आता?" कुणीतरी विचारलं.

"उसवून परत विणायला वेळ नाही. धाकट्या भाऊजींना बसतेय का बघा."

ह्यांनी घेतली. अहो, बसते आहे का काय विचारता! पाठीला अशी चिकटली, की ह्यांनी खांदे हलवले तरी खुर्ची हलेना. गावातल्या ओझेकऱ्यांचा मुकादम, ज्याला आम्ही सगळे मिशाळ म्हणतो, तो माझ्यामागेच उभा होता. "थकला बाईचा हात," तो शेजारच्याला म्हणाला. मी त्याच्याकडे असं बघितलं की तो दोन पावलं मागे सरला.

पण खरं सांगू, तेव्हा मला मिशाळाशी देणंघेणं नव्हतं. त्या वाटेवर, पाठीवर ओरडणारी आई घेऊन, माझा नवरा! मी जाऊबाईंचा दंड धरून त्यांना सरपणाच्या खोलीत ओढलं.

"चुकलं म्हणे! काल गाणं एकदा तरी थांबलं का तुमचं? मी बहिरी आहे का? तुम्ही ती मुद्दाम ह्यांच्या पाठीची विणलीत."

त्या खाली बसल्या, सरपणावरच.

"धाकटे, त्यांचा डावा खांदा गेलाय गं. मागच्या थंडीपासून. सदरा काढताना आधी उजवी बाही काढतात, मग डावी हळूच सोडवतात, मी बघत नाही असं वाटून. टोपलीत चिंध्या कोंबून सरळ करतात. मला दिसत नाही असं वाटतं त्यांना. मला!"

"मग सांगायचं की तोंडावर!"

"सांगितलं असतं तर मुद्दाम नेलं असतं आईंना, हट्टानं. आणि तिसऱ्या वळणावर दोघंही गेली असती खाली. आणि गावासमोर सांगितलं असतं, की ह्यांना आता झेपत नाही, तर ते घरीच संपले असते. धाकट्या भाऊजींची पाठ खणखणीत आहे. मी उगीच तुझा नवरा पुढे केला नाही. त्यांना काही झालं तर मला तोंड दाखवायला जागा आहे का?"

"आणि तुमचं नाव? तो मिशाळ काय बोलला ऐकलंत?"

"बोलू दे. टोपलीचं नाव काय, आज आहे, उद्या नाही." त्यांनी माझा हात घट्ट धरला. "कुणाकडे चकार शब्द काढलास तर बघ."

मी काय करणार? मी हो म्हणाले. डोळे पुसले आणि बाहेर आले.

निघाले सगळे. भाऊजी पुढे, वाटेतले दगड बाजूला करत. मधे हे, पाठीवर सासूबाई. एवढ्या दुखण्यात त्यांची टकळी चालूच. "सावकाश! अरे, डावीकडून! मी तुला चालायला शिकवलंय, मला शिकवू नकोस!" वळणावरून दिसेनासे झाले तरी आवाज येत होता. तो आवाज येत होता तोवर मी उभी राहिले, आणि थांबला तेव्हा कुठे जाऊन दुकान उघडलं. संध्याकाळी निरोप आला की पोचले, ऑपरेशन होणार. पुढे सासूबाई काठी घेऊन चालायलाही लागल्या. वर आल्या त्या त्याच खुर्चीतून, ह्यांच्याच पाठीवर, आणि पहिलं वाक्य काय तर, "दुकानात इतकी धूळ कशी?"

पण गावात बभ्रा व्हायचा तो झाला. नवऱ्याच्या पाठीचं माप जिचं चुकतं ती आमचं काय घेणार! कुणी तोंडावर बोललं नाही. नुसतं येणं थांबलं. अंगणात पाठी दाखवायला रांग लागायची, तिथं आता कोंबड्या फिरायला लागल्या. कुणी पलीकडच्या खोऱ्यातल्या विणकराकडे गेलं, कुणी बाजारातून रेक्झिनच्या पिशव्या आणल्या, त्यांचे पट्टे खांद्यात रुतायचे तरी बोलायचे नाहीत. जाऊबाई खुराडी विणायच्या, झाकणं विणायच्या, भाजीच्या परड्या विणायच्या. बारीक कामटीतली नक्षीची वीण खुराड्याला! मी म्हटलं, "कोंबड्यांना कळणार आहे का?" तर म्हणाल्या, "हाताला कळतं ना."

मला मात्र सहन होत नव्हतं. दुकानात कुणी टोपलीचा विषय काढला की तळपायाची आग मस्तकात जायची. गिऱ्हाइकाला साखर तोलून देताना मी वजन असं आपटायची की ह्यांनी एकदा विचारलं, "तराजूवर राग आहे का?" ह्यांनाही काही सांगायची सोय नव्हती. आणि भाऊजी? ते नुसते बसून असायचे. दुकानात कोपऱ्यातल्या पोत्यांवर, भिंतीला टेकून. बाहेर ओझेकरी जाताना दिसले की मान फिरवायचे. मला त्यांचीही चीड यायची. वाटायचं, ह्या माणसासाठी त्या बाईनं आपलं सगळं घालवलं, आणि ह्याला पत्ताही नाही.

एका सकाळी मिशाळ दुकानात आला. चारपाच ओझेकरी सोबत. त्याच्या घरात नवी सून आली होती. जाऊबाई दारातच परडी विणत होत्या, तरी हा माझ्याकडे बघत म्हणाला, "सुनेची टोपली पलीकडच्या खोऱ्यातून आणतोय. वहिनींना त्रास नको. वय झालं की हात चुकायचाच."

मी तोंड उघडणार, तेवढ्यात पोत्यांवरून भाऊजी उठले.

त्यांनी कोट काढला. मग सदरा काढायला लागले. आधी उजवी बाही. मग डावी, हळूहळू, दात आवळून. आम्हाला वाटलं ह्यांना काही झालं. ते दुकानाच्या मधोमध येऊन सगळ्यांकडे पाठ करून उभे राहिले. डावा खांदा खाली उतरलेला, त्याच्या खाली हाड वर आलेलं आणि मांस आत गेलेलं.

"बघा," ते म्हणाले. "नीट बघा. हिचा हात चुकला नाही. माझी पाठ गेली."

ते तसेच पाठमोरे बोलत राहिले.

"जन्मभर हिच्या हातची टोपली वाहिली मी. डावा पट्टा लोंबला त्या क्षणी मला कळलं. तिनं ती माझी विणलीच नव्हती. तिनं चूक आपल्यावर घेतली आणि मी घेऊ दिली. बरं वाटलं मला. कुणाला कळलं नाही म्हणून बरं वाटलं. इतके दिवस मी इथे बसून ऐकतोय, लोक हिला काय बोलतात ते. थू माझ्या जिण्याला."

मिशाळ खाली बघत होता. त्याच्याबरोबरच्या एका म्हाताऱ्या ओझेकऱ्यानं नकळत आपल्याच खांद्यावर हात ठेवला.

जाऊबाई दारातून उठल्या. मला वाटलं, रडतील. कसलं काय! अशा संतापल्या की मी त्यांना तसं कधी पाहिलं नव्हतं.

"कुणी सांगितलं होतं तोंड उघडायला? मी काही बोलले होते तुम्हाला? कपडे घाला आधी, गार आहे हवा!"

"नाही घालत."

"माझं नाव गेलं होतं तर जाऊ द्यायचं होतंत!"

"तुझं नाव गेल्यावर मला कोण ओळखतं?" भाऊजी म्हणाले.

जाऊबाईंच्या हातात अर्धी परडी होती. ती त्यांनी माझ्याकडे दिली, भाऊजींच्या मागे गेल्या, आणि त्या मुकादमासमोर, ओझेकऱ्यांसमोर, माझ्यासमोर दोन्ही पंजे नवऱ्याच्या उघड्या पाठीवर टेकवले. डोळे मिटले. डावा पंजा उतरलेल्या खांद्याच्या खाली, त्या खड्ड्यात. खूप वेळ उभ्या होत्या. आता मात्र रडत होत्या, आणि भाऊजींनाही रडू येत होतं, आणि मला तर काय, निमित्तच हवं होतं.

मिशाळ जाताना म्हणाला, "सुनेला उद्या पाठवतो, वहिनी." जाऊबाईंनी डोळे उघडले नाहीत. मीच म्हणाले, "सकाळी पाठव. आणि स्वतः येऊ नकोस."

सून आली, तिच्या मागोमाग बाकीचेही आले, पण सगळ्यांना थांबावं लागलं. जाऊबाई म्हणाल्या, आधी घरचं काम आहे. त्यांनी सगळ्यात जुना, सगळ्यात हलका बांबू काढला. टोपली लहानच झाली, डावीकडून आखूड, पट्टा तिरका. पोरासोरांनी खेळायला घ्यावी एवढी. कुणी हसेल म्हणून मी धास्तावले होते. भाऊजी ती पाठीवर घेऊन दुकानात आले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर तेच आलं, जे मी इतक्या लोकांच्या चेहऱ्यावर बघत आले होते.

"वरच्या वस्तीत काही पाठवायचंय का?" त्यांनी मला विचारलं.

मी मिठाची एक पिशवी टोपलीत ठेवली.

"एवढंच?" भाऊजी म्हणाले.

"एवढंच," अंगणातून जाऊबाई म्हणाल्या.

ते पिशवी घेऊन निघाले, वाटेच्या मधोमध, छाती पुढे काढून.